किड्यांनी निवडलेलं पाखरू

१

कपाटाचं सील संचालकांनी स्वतःच्या हातानं तोडलं, खण बाहेर ओढला आणि बेलेमहून आलेल्या पाहुण्या बाई किंचाळून मागं सरकल्या.

खणात तीन ओळींत पाखरं निजवलेली होती. पोट वर, पंख अंगाशी, पोटात कापूस, पायाला दोऱ्यानं चिठ्ठी. वरच्या दोन ओळींचा भुगा झाला होता. पिसं गळून पडली होती आणि उघड्या कापसातून केसाळ तपकिरी अळ्या निवांत फिरत होत्या. खालची ओळ तेवढी धड राहिली होती. त्या ओळीतलं एकच पाखरू खलास झालं होतं, आणि पाहुणे ब्राझीलहून लिमापर्यंत आले होते ते नेमकं त्याच पाखरासाठी.

"अभिनंदन, डॉक्टर उर्बिना," संचालक म्हणाले. "तीस वर्षांचं संशोधन किड्यांच्या पोटात गेलं."

ग्रासिएला उर्बिना त्या संग्रहालयाच्या पक्षी विभागाची प्रमुख होती.  खाल्लेल्या पाखराकडे तिनं एकदाच पाहिलं आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या धड पाखरांकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ज्याला निकालाची भीती असते," दारातून शेजारच्या प्रयोगशाळेतला डॉक्टर ओल्सेसे म्हणाला, "तो पुरावाच शिल्लक ठेवत नाही."

राष्ट्रीय ठेव्याची नासधूस म्हणजे पोलिसांचं काम. तासाभरात कॅप्टन ऑफेलिया सुल्का येऊन पोचली. थडग्यांतली मडकी चोरणाऱ्यांना पकडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. हिवाळ्यातल्या लिमाची ती चिकट भुरभुर, दुखणारी दाढ आणि आता ही मेलेली पाखरं, या सगळ्यामुळे तिचं डोकं आधीच फिरलेलं होतं.

"शुक्रवारी समिती बसतेय," संचालकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "उर्बिनाबाईंची खुर्ची जाणार, संग्रहाच्या किल्ल्या जाणार, हे ठरल्यातच जमा आहे. मला फक्त कागदावर मांडायला कारण हवंय."

"कारण हवं असेल तर वकील बोलवा," ऑफेलिया म्हणाली. "मी गुन्हेगार शोधते."

२

"बसा म्हणणार नाही," ग्रासिएला म्हणाली. "खुर्च्यांवर पाखरं आहेत."

"उभ्यानं ऐकते. पक्ष्यांतलं मला कोंबडीपलीकडे काही कळत नाही. सोपं करून सांगा."

"सोपं करून सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. तरी सांगते."

साठीला टेकलेली, काटकुळी, खरखरीत आवाजाची ती बाई बोलायला लागली आणि ऑफेलियाला मनाविरुद्ध ऐकत राहावंसं वाटलं. वायागा नदीकाठच्या रानात लष्करी मुंग्यांची फौज निघते. फौजेपुढे जीव घेऊन पळणारे किडे टिपत एक लहानसं पाखरू मागोमाग फिरतं. रानातले लोक त्याला मुंगीपाखरू म्हणतात. नदीच्या डाव्या काठाला ते काळं, उजव्या काठाला राखाडी. ते दाट सावली सोडून उजेडात येत नाही, म्हणून नदी ओलांडत नाही. लाखो वर्षं इकडचं इकडे राहिलं, तिकडचं तिकडे.

"गाणं ऐकलंत की कळतं," ग्रासिएला म्हणाली. "हे पिल्लू आईबापांकडून गाणं शिकत नाही, घेऊनच जन्मतं. काळ्याचं गाणं वाजवा, राखाडी मान वर करून बघतसुद्धा नाही. ते परके झालेत एकमेकांना."

"आणि हे खाल्लेलं?"

"नदीच्या दोन फाट्यांमध्ये एक टेकडी होती. बेसेरा नावाच्या माणसानं १९३६ साली तिथून हे एक पाखरू आणलं. पुढं ती टेकडी बोडकी केली, आता तिथं तेलताडाचे मळे आहेत. त्या पाखराचं गाणं कुणी टिपून ठेवलं नाही. जगात त्याचं एवढं एकच कातडं. मी म्हणते, ती तिसरी जात होती. ओल्सेसे म्हणतो, तिन्ही एकच, नुसता रंगाचा फरक. छापूनसुद्धा आणलंय त्यानं तसं. आज पायाच्या तळव्याचा कणभर तुकडा कापून घेणार होते. बेलेमला डीएनए तपासून कायमचा निकाल लागला असता."

"तुमच्या विरुद्ध लागला असता तर?"

"तर मी तीस वर्षं मूर्ख ठरले असते. पण ठरले असते तरी! आता मी चोर ठरणार. शुक्रवारी किल्ल्या काढून घेतील, आणि शनिवारपासून ह्या पाखरांवर ओल्सेसेचं राज्य." तिचा आवाज फाटला. तो फाटलेला ऐकू आला म्हणून तिला ऑफेलियाचाच राग आला. "झालं तुमचं?"

"नाही." ऑफेलियानं वरच्या ओळीतलं एक अर्धवट खाल्लेलं पाखरू चिमटीत उचललं, उलटसुलट पाहिलं, ठेवलं. ग्रासिएलानं तिला अडवलं नाही. मग ऑफेलियाचा हात खालच्या ओळीकडे गेला.

"हातमोजे!" ग्रासिएला एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा शिपाई डोकावला.

"का?"

"तुमच्या हाताचा घाम लागतो त्यांना. बेसेराची पाखरं आहेत ती. जुनी."

"आणि वरच्या नव्या ओळींना घाम चालतो?"

ग्रासिएलानं खण आत ढकलला. "तुम्हाला काय विचारायचं ते उद्या विचारा," ती म्हणाली. 

३

फाब्रिसियो ओल्सेसे पस्तिशीचा होता. त्याचा लोकरी स्वेटर उंची होता आणि बोलणं वरच्या पट्टीतलं. त्याची प्रयोगशाळा भिंतीपलीकडेच होती, पण तो ऑफेलियाला कपाटांच्या खोलीतच घेऊन आला. म्हातारीचा कारभार दाखवतो म्हणाला.

"तीन वर्षं आहे मी ह्या घरात, कॅप्टन. आलो त्या दिवशी बाईंनी किल्ली टेबलावर टाकली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून साधं 'शुभ सकाळ' नाही. मी आलो की ह्यांच्या गप्पा बंद. कॉफीचा डबासुद्धा कुलपात ठेवतात!"

"तुम्ही काय केलं होतं त्यांचं?"

"खरं बोललो होतो. म्हटलं, कापूस कोंबलेल्या बाहुल्यांचे दिवस गेले, आता पेशींतून सगळं कळतं." त्यानं खण ओढला, खालच्या ओळीतलं एक जुनं पाखरू मुठीत उचललं आणि अंगठ्यानं त्याच्या छातीवरची धूळ झटकली. "हे बघा. राखाडी. आणि वरच्या ओळीत होतं तेही राखाडी. कशाला हव्यात तीन जाती? हिचं नाव लागावं म्हणून!"

पाखरू जागेवर टाकून त्यानं खिशात हात घातला, भाजलेल्या मक्याची मूठ काढली आणि दाणे एकेक तोंडात टाकत बोलत राहिला. "घ्या ना."

"दाढ दुखतेय." ऑफेलियानं मान हलवली. "बेलेमचे पाहुणे कुणी बोलावले?"

"तिनंच. मी म्हटलं होतं, पलीकडच्या खोलीत मी चार दिवसांत तपासून देतो. तर म्हणे, तुझ्या हातात मी मेलेलं पाखरूसुद्धा देणार नाही. भर सभेत! संचालकांना मग कपाटाला सीलच लावावं लागलं, पाहुणे येईपर्यंत."

"सील लावताना खण उघडून पाहिला?"

"छे! ती म्हणाली, ओल्सेसेनं हात लावायचा नाही. मी म्हटलं, मग तिनंही लावायचा नाही. तिघांच्या सह्या घेतल्या आणि बंद." तो हसला. "सील लागायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कपाट दिवसभर उघडंच असायचं. अळ्यांची मूठभर पेरणी तेव्हाच झाली. आणि काही आठवड्यांनी पीक आलं."

"समजा नव्या पाखराचा तुकडा चुकून जुन्याचा म्हणून गेला, तर तपासणाऱ्यांना कळतं?"

"पहिल्या फटक्यात!" अडाण्याला समजावतात तसं त्यानं सांगितलं. "जुन्या कातड्यात डीएनएचे बारीक बारीक तुकडे झालेले असतात. ताज्याशी गफलत होतच नाही. हे शाळकरी पोराला कळतं, हिला कळत नाही." त्यानं बोटं चाटली. "एक सांगू? किडे हवेतून येत नाहीत. ह्या घरात किडे पाळणारा एकच आहे, आणि तो तिचा नोकर आहे."

४

"नोकर कुणाला म्हणाला तो?" तेओफिलो गुरगुरला.

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोपटात त्याचं राज्य होतं. पाखरं सोलून, कापूस भरून, शिवून ठेवण्यात त्याचा जन्म गेला होता. कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत एका पेलिकनच्या हाडांवर हजारो किडे लागले होते. सांगाडे साफ करून घ्यायला संग्रहालयं हे किडे पाळतात. पेटीतून येणारा वास ऑफेलियाच्या दाढेपर्यंत गेला.

"ह्या पेटीतून किडे गेले, डॉन तेओफिलो."

"गेले असतील. मी काय त्यांची हजेरी घेतो? खोपटाला कडी आहे, कुलूप नाही. त्या बाईनं तीनदा मागूनसुद्धा दिलं नाही. तिला वाटतं, कुलपं फक्त तिच्याच कपाटाला लागतात."

"तुमचंही पटत नाही तिच्याशी?"

"इथं कुणाचं कुणाशी पटतं?" तो नळाशी गेला आणि कोपरापर्यंत हात साबणानं खसाखसा धुवायला लागला. "एकाच टाक्यासाठी तिनं मला एकेक पाखरू चार चारदा उसवायला लावलंय. तो दुसरा तर मला शीळ घालून बोलावतो. कुत्र्याला बोलावतात तशी."

"आज कुठलं पाखरू सोललंत?"

"आज नाही. मघाशी तो खण तेवढा उचलून ठेवला."

"हातमोजे न घालता?"

"घालूनच. म्हणून काय झालं?" त्यानं दुसऱ्यांदा साबण लावला. "किड्यांचं बरं असतं, बाई. काय खाऊ नये ते त्यांना न सांगता कळतं."

"आणि माणसांना?"

तेओफिलोचे हात थांबले.  "मी म्हटलं होतं तिला," तो पुटपुटला. मग एकदम नळ बंद करून म्हणाला, "माझी जेवायची वेळ झाली."



ऑफेलिया पुन्हा कपाटापाशी गेली. या वेळी तिनं हातमोजे घातले. खालच्या ओळीतल्या एका धड पाखराच्या पोटातून कापसाचा पुंजका काढला, पिशवीत बंद केला आणि पोलिसांच्या रसायनतज्ज्ञाकडे धाडून दिला. गुरुवारी त्याचा फोन आला.

"ऑफेलिया, ही वस्तू हाताळून झाल्यावर तू हात धुतलेस ना?"

"का?"

"आधी सांग, धुतलेस ना?"

५

शुक्रवारी समिती बसण्यापूर्वी तिनं सगळ्यांना कपाटांच्या खोलीत उभं केलं. संचालक घड्याळाकडे बघत होते. ग्रासिएला खिडकीशी होती. ओल्सेसे टेबलाला रेलून खिशातला मका खात होता आणि तेओफिलो दाराबाहेरच थांबला होता.

"अळ्या खणात सुटल्या," ऑफेलियानं सुरुवात केली. "त्यांना ना चिठ्ठ्या वाचता येतात ना कुणाचं वैर कळतं. वरच्या दोन ओळी त्यांनी फस्त केल्या. खालच्या ओळीत मात्र मधलं एकच खाल्लं आणि शेजारच्यांना तोंड लावलं नाही. का? मी दोन दिवस एवढंच विचारत होते. उत्तर सोपं होतं. बेसेराच्या काळात कातड्यांना आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चोळायचे. किडे त्याला शिवत नाहीत. हल्ली टाकणखार लावतात, त्याचं किड्यांना फारसं काही वाटत नाही. म्हणजे खालच्या ओळीतलं जे पाखरू किड्यांनी खाल्लं, त्याला सोमल नव्हता."

"म्हणजे?" संचालक म्हणाले.

"म्हणजे ते बेसेराचं नव्हतंच. अस्सल पाखरू आधीच उचललं होतं. त्याची चिठ्ठी सोडून एका साध्या, नव्या राखाडी पाखराला बांधली होती. त्याचा डीएनए नेहमीच्या राखाडीशी जुळला असता आणि तीन जातींचं भांडण मिटलं असतं. पण ते कधी? तपासणी इथंच, पलीकडच्या खोलीत झाली असती तर. बेलेमच्या लोकांना कातडं ताजं आहे हे पहिल्या फटक्यात कळलं असतं. शाळकरी पोरालाही कळतं म्हणे."

ओल्सेसेचं चावणं थांबलं.

"म्हणून मग किडे सोडले. सोडणाऱ्याच्या हिशेबानं सगळा खण भुईसपाट व्हायचा होता. सोमल ठाऊक असलेल्या माणसानं हा मार्ग धरलाच नसता, कारण किड्यांनीच नकली पाखरू निवडून दाखवलं असतं, आणि तसंच झालं. डॉक्टर उर्बिनांना सोमल ठाऊक आहे, मी हात पुढं केला तर त्या किंचाळल्या. तेओफिलोंना ठाऊक आहे, ते मोजे घालून वर दोनदा साबण लावतात. ह्या घरात एकच माणूस जुनी पाखरं उघड्या मुठीत धरतो आणि त्याच हातानं मका खातो. डॉक्टर ओल्सेसे, पलीकडच्या प्रयोगशाळेतला तुमचा फ्रीझर उघडा. त्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही."

ओल्सेसेनं हातातला मका टेबलावर टाकला. तो गेला आणि एक पांढरा डबा घेऊन आला. ग्रासिएलानं मोजे चढवले आणि झाकण काढलं. आत इवलंसं, गळ्याशी काळपट, राखाडी पाखरू होतं. ते बघून ती बाई ढसाढसा रडली.

"जाळून का नाही टाकलंस?" ऑफेलियानं विचारलं. आता तिनं त्याला अहो-जाहो करायचं सोडलं होतं.

"जगात एकच आहे," ओल्सेसे म्हणाला. "मीही पक्ष्यांचाच माणूस आहे. तपासलं मी ते. तिसरी जात आहे. तिचंच खरं आहे." शेवटचे शब्द त्यानं थुंकल्यासारखे टाकले.

संचालकांचा चेहरा क्षणात बदलला. "डॉक्टर उर्बिना! मी पहिल्यापासून म्हणत होतो..." त्यांनी हात पुढं केला.

"थांबा," ऑफेलिया म्हणाली. "डॉक्टर, खण उघडला तेव्हाच तुम्ही ती धड पाखरं पाहिलीत. एका वाक्यात सुटला असतात. खुर्ची गेली असती, किल्ल्या गेल्या असत्या, तरी गप्प राहिलात. का?"

ग्रासिएलानं डब्यावरून नजर उचलली नाही. "कारण पुढचा प्रश्न तुम्ही विचारलाच असतात. त्याला सोमल कसा माहीत नाही म्हणून."

"सांगायचं काम कुणाचं होतं?"

"माझं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. पहिल्याच दिवशी तो माझ्या पाखरांना बाहुल्या म्हणाला. मी म्हटलं, शिकेल आपल्या हातानं. तेओफिलो दोनदा सांगायला निघाला होता, मीच अडवलं."

"मका खाताना बघत होतात?"

"रोज." तिचा आवाज अगदी खाली गेला. "कधी कधी बरंही वाटायचं."

संचालकांचा हात तसाच अधांतरी राहिला. ओल्सेसे स्वतःच्या बोटांकडे पाहत होता. आता हा माणूस तिच्या अंगावर धावून जाईल असं वाटून ऑफेलिया एक पाऊल पुढं सरली. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तिथं भीती होती, आणि इतकी उघडी भीती तिनं खुन्यांच्या तोंडावरही पाहिली नव्हती.

"माशातले काटे मी काढून देतो तिला," तो म्हणाला. "बोटांनी. इथून घरी गेलो की आधी तेच. ती दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही."

"कुणाला?" ऑफेलियानं विचारलं.

"लुसियानाला. माझ्या मुलीला. तिचं पोट सारखं बिघडतं. आम्ही दूध बदललं, पाणी बदललं..." 

 ऑफेलियानं शिपायाला गाडी काढायला सांगितली. बेड्या नंतर, आधी ह्याच्या घरी, मुलीला उचला, मग थेट इस्पितळ. शिपाई पळाला.

ओल्सेसे निघाला तेव्हा ग्रासिएला वाटेत उभी होती. हातात अजून तो डबा होता, त्यात तिची तीस वर्षं होती, आणि तो कुठं ठेवावा ते तिला कळत नव्हतं. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ती दोघं काम करत आली होती, आणि त्याला मूल आहे हे तिला आज कळत होतं.

"किती वर्षांची आहे?" तिनं विचारलं.

तीन वर्षांत तिनं त्याला विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.  तिला ओलांडून तो जिन्याकडे धावला.